रूपविकारी तारे आणि खोडलेला आंकडा

गत वर्षीं पालकांच्या सभेंत एका सद्गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न केला. त्यांचा मुलगा इयत्ता नववींत आहे. रात्रीं जेवण झाल्यावर गच्चीवर अर्धा तास उभा राहून एका ताऱ्याचें तेज वहींत टिपून ठेवण्याचा त्यास छंद लागला होता. ते गृहस्थ म्हणाले, "सर, आतां दुर्बिणी आपोआप चालतात, छायाचित्रेंहि आपोआप निघतात, आणि तारा कोणत्या जातीचा हेंहि संगणकच सांगतो असें आम्ही ऐकतों. मग आमच्या मुलानें थंडींत उभें राहून मिळवावयाचें तें काय?" प्रश्न रागानें विचारलेला नव्हता, आणि तो गैरवाजवीहि नव्हता. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें, तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तें पुरें करावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

ध्रुवबाळाची गोष्ट ठाऊक नाहीं असें मूल आपल्याकडे सांपडणें कठीण. अढळपद म्हणजे ध्रुवाचें पद. परंतु तेजाच्या बाबतींत तो ध्रुवहि अढळ नाहीं. सुमारें ४ दिवसांच्या आवर्तनानें तो किंचित् अधिक व किंचित् कमी तेजस्वी होत असतो. हा फरक इतका अल्प कीं नुसत्या डोळ्यांस तो कळत नाहीं. ज्या ताऱ्यांचें तेज असें पालटतें, त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. पालटाचीं कारणें निरनिराळीं आहेत. कांहीं तारे लोहाराच्या भात्याप्रमाणें फुगतात व आकसतात. कांहीं ठिकाणीं दोन तारे एकमेकांभोंवतीं फिरत असतां एक दुसऱ्याच्या आड येतो व त्यास ग्रहण लागतें. कांहींच्या पृष्ठभागावर डाग असतात, व तारा स्वतःभोंवतीं फिरतांना ते डाग आपल्यासमोर येतात आणि जातात. कांहीं तारे एकाएकीं भडकतात. म्हणून तेज पालटलें एवढें ओळखणें ही पहिली पायरी, आणि तें कां पालटलें हें ठरवून ताऱ्याची जात लावणें ही दुसरी पायरी होय.

पहिली पायरी प्रथम चढली ती माणसाच्या डोळ्यानें. इ. स. १५९६ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याकडील डेव्हिड फॅब्रिशियस नांवाच्या धर्मोपदेशकास तिमिंगल या तारकापुंजांत एक अनोळखी तारा दिसला. कांहीं आठवड्यांत तो मंद होत होत दिसेनासा झाला, व पुढें १६०९ सालीं त्याच ठिकाणीं पुन्हां दिसला. त्यास आज मीरा म्हणतात. सुमारें ३३२ दिवसांत तो एक आवर्तन पुरें करतो.

त्याहूनहि आमच्या विद्यार्थ्यांच्या जवळचें उदाहरण इंग्लंडांतील यॉर्क शहरच्या जॉन गुडरिक याचें आहे. बाळपणींच्या दुखण्यानें त्याची श्रवणशक्ति गेली होती. १७८२ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, ययाति या तारकापुंजांतील अल्गोल नांवाचा तारा एका रात्रीं नेहमींपेक्षां मंद असल्याचें त्याच्या ध्यानीं आलें. त्यानें तो तारा अनेक रात्रीं नेमानें पाहिला, आणि तो दर २ दिवस व सुमारें २१ तासांनीं असा मंद होतो हें सिद्ध केलें. एखादें काळोखें गोल त्याच्याभोंवतीं फिरत असून तें मध्यें आड येत असावें, असा तर्कहि त्यानें पुढें मांडला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७८३ सालीं त्यास कॉपली पदक दिलें. १८८९ सालीं जर्मन ज्योतिषी फोगेल यानें वर्णपटाच्या साहाय्यानें तो तर्क खरा ठरविला. परंतु तें ऐकण्यास गुडरिक नव्हता. १७८६ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें होतें.

पुढें छायाचित्रणाची कला आली, आणि एका तारकेऐवजीं एका कांचेवर हजारों तारका एकदम पाहण्याची सोय झाली. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत हेन्रिएटा लेव्हिट या विदुषी अशा कांचा तपाशीत. एका रात्रींच्या कांचेची उलट प्रत काढून, जींत तारे पांढरे दिसतात ती, दुसऱ्या रात्रींच्या कांचेवर, जींत तारे काळे दिसतात तिच्यावर, ठेवावयाची. तेज सारखें असेल तर पांढरा ठिपका काळ्या ठिपक्यास झांकून टाकतो. ज्याचें तेज पालटलें असेल तेथें मात्र कड उरते. या रीतीनें त्यांनीं मॅगेलनच्या मेघांतील १,७७७ रूपविकारी तारे १९०८ सालीं प्रसिद्ध केले. १९१२ सालीं त्यांतील २५ ताऱ्यांवरून त्यांनीं असा नियम दाखविला कीं, ज्या ताऱ्याचें आवर्तन लांब, त्याचें खरें तेजहि अधिक. हे तारे वृषपर्वा या तारकापुंजांतील एका ताऱ्याच्या जातीचे असल्यामुळें त्यांस सेफीड म्हणतात. मूळ ताऱ्याचा विकारहि १७८४ सालीं गुडरिकनेंच शोधला होता. खरें तेज कळलें आणि दिसणारें तेज मोजलें, म्हणजे अंतर काढतां येतें. आकाशाचें माप घेण्याची दोरी अशा रीतीनें माणसाच्या हातीं आली.

त्या दोरीचा उपयोग एडविन हबल यानें केला. १९२३ च्या ऑक्टोबरांत माऊंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीनें देवयानींतील तेजोमेघाची त्यानें एक कांच घेतली. तींतील एका ठिपक्याजवळ, एकाएकीं भडकलेला नवतारा समजून, त्यानें तशी खूण केली. मग जुन्या कांचा काढून ताडून पाहिल्या, तों तो तारा वारंवार मंद व तेजस्वी होत असल्याचें आढळलें. त्यानें पहिली खूण खोडली, आणि शेजारीं तो रूपविकारी असल्याची खूण उद्गारचिन्हासह लिहिली. त्या एका ताऱ्यावरून देवयानीचा मेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेरील निराळी दीर्घिका आहे हें निश्चित झालें. ही खोडलेली खूण वाचकांनीं स्मरणांत ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

दुसरी पायरी, म्हणजे वर्गीकरण, हें नुसतें कप्पे पाडणें होय असें कोणास वाटेल. तसें तें नाहीं. सेफीड या एकाच नांवाखालीं वस्तुतः दोन जाती मिसळल्या गेल्या होत्या, व त्यांचीं खरीं तेजें भिन्न होतीं. वाल्टर बाडे या ज्योतिषानें हा घोटाळा उघड केला, आणि १९५२ सालीं त्याचा परिणाम जाहीर झाला तेव्हां देवयानीचें अंतर एकदम दुपटीनें वाढलें. तारे होते तेथेंच होते. आपली चिठ्ठी मात्र चुकीच्या बाटलीस लागली होती. औषधालयांत असें झाल्यास काय होईल, हें सांगावयास नको.

आतां आजच्या यंत्रांकडे वळूं. आकाशाचा मोठा भाग एकदम टिपणाऱ्या आणि तोच भाग पुनःपुन्हां टिपणाऱ्या योजना हें आपल्या काळाचें वैशिष्ट्य आहे. कॅलिफोर्नियांतील पालोमर पर्वतावरील झ्विकी योजना २०१८ सालीं सुरू झाली. तिच्या कॅमेऱ्यांत एका वेळीं ४७ चौरस अंश आकाश मावतें, म्हणजे दोनशेंहून अधिक पूर्णचंद्र शेजारीं शेजारीं ठेवावे इतकें. या योजनेची उभारणी ज्यांच्या पुढाकारानें झाली, ते श्रीनिवास कुलकर्णी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाड येथें जन्मलेले आहेत, व २०२४ सालीं त्यांस खगोलशास्त्राचें शॉ पारितोषिक मिळालें, हें नमूद करतांना आम्हांस सहजच अभिमान वाटतो. या योजनेच्या छायाचित्रांवरून २०२० सालीं जी यादी प्रसिद्ध झाली, तींत ७,८१,६०२ आवर्ती तारे असून त्यांपैकीं ६,२१,७०२ तारे नव्यानें सांपडलेले होते. लेव्हिट बाईंची १,७७७ ही संख्या यापुढें किती लहान दिसते! चिली देशांतील रूबिन वेधशाळेनें आपलीं पहिलीं छायाचित्रें २०२५ च्या जून महिन्यांत जगापुढें ठेवलीं. तेथील आरसा ८.४ मीटर व्यासाचा आहे, आणि आकाशांत कांहीं पालटलें अशा सूचना एका रात्रींत १ कोटीपर्यंत निघाव्या अशी तिची योजना आहे. इतक्या सूचना वाचावयास माणसें कोठून आणावीं? अर्थात् हें काम यंत्रानेंच केलें पाहिजे, आणि यंत्र तें उत्तम करतें. आम्ही यंत्राचे वैरी नाहीं.

परंतु तें कसें करतें, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. ताऱ्याच्या तेजाचे शेंकडों आंकडे वेगवेगळ्या रात्रींचे असतात, व त्यांत ढगांमुळें, चांदण्यामुळें व दुरुस्तीमुळें खंड पडलेले असतात. संगणक एक आवर्तनकाल गृहीत धरतो आणि त्या कालानुसार सर्व आंकडे, पट्टी दुमडावी तसे, एकमेकांवर दुमडतो. काल चुकीचा असेल तर ठिपक्यांची नुसती गर्दी दिसते. काल बरोबर असेल तर त्या गर्दींतून एक स्वच्छ रेषा उमटते. असे हजारों काल तो लावून पाहतो. मग त्या रेषेची आकृति, फरकाचें प्रमाण, ताऱ्याचा रंग इत्यादि लक्षणें घेऊन, पूर्वीं ओळखलेल्या ताऱ्यांशीं ताडून, तो नव्या ताऱ्याची जात सांगतो. येथें "पूर्वीं ओळखलेल्या" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या नमुन्यांवरून यंत्र शिकतें, ते नमुने कोणीतरी माणसानें डोळ्यांत तेल घालून पाहिलेले असतात. गुरूची चूक शिष्यांत उतरते, तशी नमुन्याची चूक यंत्रांत उतरते.

शिवाय यंत्राच्या स्वतःच्याहि अडचणी आहेत. भिंतीवरील घड्याळाकडे रोज ठीक बारा वाजतांच पाहणारा मनुष्य कांटे हलतच नाहींत असें म्हणेल. एकाच ठिकाणची दुर्बीण रोज साधारण एकाच वेळीं तोच तारा टिपूं लागली, म्हणजे तिचीहि अशीच फसगत होते, व एक दिवसाचें किंवा अर्ध्या दिवसाचें खोटें आवर्तन उत्पन्न होतें. दोन जवळजवळ सारखे तारे एकमेकांस ग्रहण लावीत असले, तर दोन्ही ग्रहणें सारखींच दिसतात, आणि यंत्र खऱ्याच्या निम्मा काल सांगून मोकळें होतें. युरोपीय गाया उपग्रहाच्या २०२२ सालच्या संग्रहांत सुमारें १ कोटी ५ लक्ष रूपविकारी ज्योति नोंदल्या गेल्या. त्यांखेरीज सुमारें २५ लक्ष दीर्घिका अशा आढळल्या कीं, ज्यांचें तेज पालटत असल्याचा नुसता भास होत होता. दीर्घिका ही ताऱ्यासारखी बिंदु नसून पसरट असते. उपग्रह तिच्यावरून कधीं आडवा, कधीं तिरपा सरके, आणि त्यामुळें तिच्या तेजाचा आंकडा कमीअधिक येई. हा दोष तेथील शास्त्रज्ञांनीं ओळखून उघड सांगितला, हें त्यांस भूषणावह आहे.

आणखी एक गोष्ट. केप्लर नांवाच्या अवकाश दुर्बिणीच्या आंकड्यांत ग्रह शोधण्यासाठीं संगणकास नियमितपणें येणारे खळगे हुडकावयास शिकविलें होतें. एका ताऱ्याचें तेज मात्र कांहींहि नियम न पाळतां मध्येंच उतरे, एकदां तर सुमारें २२ टक्क्यांपर्यंत उतरलें. तो तारा प्रथम हौशी स्वयंसेवकांच्या नजरेस आला. त्यांस वेतन नव्हतें. घरीं बसून ते प्रकाशाच्या आकृति नुसत्या डोळ्यांनीं पाहत होते. त्यांनीं "हें कांहीं निराळेंच आहे" असें कळविलें, व पुढें तो तारा जगप्रसिद्ध झाला. पुढील निरीक्षणांवरून त्याच्या प्रकाशाआड बारीक धूळ येत असावी असें ठरलें. यंत्रास जें शोधावयास सांगावें तें तें शोधतें. जें कोणी सांगितलेलेंच नाहीं, तें पाहून थबकणें हा माणसाचा धर्म आहे.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें अगदीं रोकडें उत्तर देतों. हीं प्रचंड यंत्रें अंधुक तारे पाहण्यासाठीं घडविलेलीं आहेत. तेजस्वी तारा समोर आला कीं त्यांचे डोळे दिपतात. झ्विकी योजनेच्या कॅमेऱ्यास सुमारें १२ व्या प्रतीहून तेजस्वी तारा नीट मोजतां येत नाहीं. उलट आपल्या नुसत्या डोळ्यांस सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. म्हणजे जे तारे आपल्या अंगणांतून दिसतात, नेमके तेच या योजनांच्या हिशेबाबाहेर राहतात! त्यांच्यावर वर्षानुवर्षें लक्ष ठेवण्याचें काम लहान यंत्रें व हौशी निरीक्षक यांच्याकडेच आहे. २०१९ च्या अखेरीस मृगांतील तांबूस काक्षीचें तेज उतरूं लागलें, व २०२० च्या फेब्रुवारींत तें नेहमींच्या सुमारें ०.५ प्रतीवरून १.६ प्रतीपर्यंत खालीं आलें. शेजारची रोहिणी त्या वेळीं तिच्याहून स्पष्टपणें अधिक तेजस्वी दिसत होती. ज्यास मृग ओळखतां येतो त्या प्रत्येक शेतकऱ्यास हा फरक दिसण्याजोगा होता. ताऱ्यानें बाहेर टाकलेल्या वायूची धूळ बनून ती आड आली, असें त्याचें कारण पुढें सांगण्यांत आलें. तो निष्कर्ष पारखतांना जगभरच्या हौशी लोकांच्या वह्या उपयोगी पडल्या.

अशा वह्यांची योग्यता जाणून अमेरिकेंत १९११ सालीं रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संस्था स्थापन झाली. तिला आपल्या देशांतून निरीक्षणें पाठविणाऱ्यांत बंगालमधील जेसोर येथील राधागोविंद चंद्र यांचें नांव अग्रगण्य आहे. ते सरकारी खजिन्यांत कारकून होते, व विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. संस्थेनें त्यांस ६ इंची दुर्बीण वापरावयास धाडली, आणि त्यांनीं ३७,००० हून अधिक निरीक्षणें पाठविलीं. दिवसा खजिन्याचा हिशेब आणि रात्रीं ताऱ्यांचा! दोन्ही ठिकाणीं एकच गुण लागतो. जें आहे तेंच लिहावयाचें.

येथें आम्हांस आमच्याच शाळेंतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. गत हिवाळ्यांत आम्हीं आठ विद्यार्थ्यांस अल्गोलचें तेज रोज रात्रीं ८ वाजतां टिपावयास सांगितलें होतें. रीत सोपी आहे. ज्यांचें तेज ठाऊक आहे असे शेजारचे दोन तारे घ्यावयाचे, एक आपल्या ताऱ्याहून तेजस्वी व दुसरा मंद, आणि आपला तारा त्या दोहोंच्या मध्यें कोठें बसतो याचा अदमास करावयाचा. महिन्याअखेर वह्या आल्या. सात वह्यांत प्रत्येक रात्रीं २.१ हाच आंकडा सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. आठव्या वहींत, एका मुलीच्या, एका रात्रीं ३.२ असें लिहून त्यावर काट मारली होती, आणि पुढें २.१ लिहिलें होतें. आम्हीं तिला विचारलें, "हें कां खोडलेंस?" ती खालीं पाहून म्हणाली, "सर, बाकी सर्वांचें २.१ होतें. मला वाटलें, माझेच डोळे चुकले."

आम्हीं गणित करून पाहिलें. त्या रात्रीं साडेआठच्या सुमारास अल्गोलच्या ग्रहणाचा मध्य होता. मुलीचे डोळे बरोबर होते. बाकीच्या सातांनीं त्या रात्रीं आकाशाकडे पाहिलें नव्हतें, पुस्तकाकडे पाहिलें होतें. कारण पुस्तकांत अल्गोलची प्रत २.१ छापलेली असते. त्या सात जणांस आम्ही फार दोष देत नाहीं. दोष आमचाहि आहे. "पुस्तकांतलें उत्तर आलें म्हणजे गुण मिळतात" हा धडा आम्हीं शिक्षकांनींच त्यांस वर्षानुवर्षें दिला, आणि घरोघरीं पालकांनीं त्याची उजळणी घेतली.

आतां हबलची खूण आठवावी. त्यानेंहि खोडलें आणि या मुलीनेंहि खोडलें. परंतु हबलनें जुन्या कांचा काढून, ताडून पाहून, मग खोडलें. या मुलीनें शेजाऱ्यांच्या वह्या पाहून खोडलें. पहिल्या खोडण्यानें विश्व विस्तारलें. दुसऱ्यानें एक सत्य पुसलें जाणार होतें. पुराव्यासाठीं आपलें मत बदलणें ही विद्या, आणि बहुमतासाठीं आपलें पाहणें बदलणें ही अविद्या, असें आम्हांस वाटतें.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी आहे. आपल्या मुलांनीं संगणकाची विद्या शिकावी, अवश्य शिकावी. उद्यां कोट्यवधि ताऱ्यांच्या जाती लावणारीं यंत्रें त्यांतीलच कोणी घडवितील. परंतु ज्यानें स्वतः कधीं एक तारा पाहून त्याचा आंकडा लिहिला नाहीं, त्यास यंत्राचा आंकडा चुकला तर तो चुकला आहे हें कशावरून कळावें? गच्चीवरचा तो अर्धा तास वायां जात नाहीं. तेवढ्यापुरता जिन्यावरचा दिवा मालवून द्यावा, व मुलास गरम कांबळें द्यावें, एवढेंच मागणें आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगणें थोडेंच आहे. वहींत वेळ लिहा, ढग असल्यास तेंहि लिहा, शंका वाटल्यास शंकाहि लिहा. शेजाऱ्याची वही आपला आंकडा लिहून झाल्यावरच पाहा. आंकडा खोडावाच लागला तर एकच रेघ मारा, खालचा आंकडा वाचतां आला पाहिजे, आणि कां खोडला तें बाजूस लिहा. त्या मुलीच्या वहींतील ३.२ हा आंकडा आम्हीं तिच्याच हातून पुन्हां लिहवून घेतला आहे. यंदाच्या थंडींत त्या आठहि जणांस आम्ही पुन्हां गच्चीवर पाठविणार आहों. या खेपेस पुस्तक खालीं वर्गांत राहील.